कॉम्प्युटर माझा, मग परवानगी कुणाची?

प्रश्न : चार वर्षांपूर्वी घरी कॉम्प्युटर घेतला. भाच्याने सगळं बसवून दिलं, मलाही एक खातं करून दिलं आणि पुढे तो नोकरीसाठी जर्मनीला गेला. आता नातीला अभ्यासासाठी वेगळं खातं उघडून द्यायचं आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘युजर अकाउंट्स’पर्यंत पोचतो, पण ‘मॅनेज अनदर अकाउंट’वर क्लिक केलं की पडदा काळपट होतो, मध्ये एक चौकट येते आणि पासवर्ड मागते. माझा पासवर्ड घातला की ‘चुकीचा आहे’ असं उत्तर येतं. त्याच पासवर्डने मी रोज सकाळी कॉम्प्युटर उघडतो! बिल माझ्या नावावर आहे. मग कॉम्प्युटर मालक समजतो तरी कुणाला? आणि माझ्याच घरच्या सेटिंग्जमध्ये शिरायला मी काय करावं?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : तुमचा पासवर्ड बरोबर आहे आणि कॉम्प्युटरही बिघडलेला नाही. ती चौकट तुमचा पासवर्ड मागतच नाही. ती मागते आहे ॲडमिनिस्ट्रेटरचा, म्हणजे या कॉम्प्युटरवर सगळे अधिकार असलेल्या खात्याचा. पुन्हा एकदा ती चौकट उघडा आणि पासवर्डच्या रकान्याच्या वर कुणाचं नाव आहे ते वाचा. बहुधा तिथे भाच्याचं नाव किंवा त्याचा ईमेल दिसेल. या एका नावावर पुढचं सगळं अवलंबून आहे, म्हणून घाईत चौकट बंद करू नका.

झालं असं असणार. विंडोज पहिल्यांदा बसवताना जे खातं तयार होतं ते आपोआप ॲडमिनिस्ट्रेटर होतं. त्यानंतर जोडलेली खाती आपोआप ‘स्टँडर्ड’, म्हणजे साध्या वापराची होतात. भाच्याने सुरुवात स्वतःच्या नावाने केली आणि मग तुम्हाला खातं दिलं. त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. घरोघरी असंच होतं. काही घरांत तर पहिलं खातं कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या दुकानदाराच्या माणसाचं असतं आणि त्याचा पासवर्ड घरात कुणालाच ठाऊक नसतो. सरकारी दप्तराच्या लेखी सात-बाऱ्यावर ज्याची नोंद त्याची जमीन, मग कसणारा कुणी का असेना. कॉम्प्युटरचा हिशेब तसाच आहे. खरेदीची पावती त्याने पाहिलेली नाही.

तुमचा मालकीचा प्रश्न मला फार आवडला, म्हणून थोडं खोलात जातो. कॉम्प्युटरला तुमचं नाव खरं म्हणजे कळतच नाही. प्रत्येक खातं तयार होतं तेव्हा विंडोज त्याला एक लांबलचक क्रमांक देतं आणि फाइल कुणाची, अधिकार कुणाचे, हे सगळं त्या क्रमांकावर नोंदवतं. पडद्यावरचं नाव माणसांच्या सोयीसाठी असतं. क्रमांकाच्या शेवटचे आकडे बरंच काही सांगतात. विंडोजबरोबर जन्माला येणाऱ्या मूळ ॲडमिनिस्ट्रेटरचा क्रमांक नेहमी ५०० ने संपतो, ‘गेस्ट’ खात्याचा ५०१ ने. माणसांनी उघडलेल्या खात्यांचे शेवटचे आकडे १००० किंवा त्याच्या पुढचे असतात. म्हणूनच एखादं खातं पुसून त्याच नावाने, त्याच पासवर्डने पुन्हा उघडलं, तरी विंडोजच्या लेखी तो नवा माणूस असतो आणि जुन्या फाइलींवर त्याचा हक्क राहत नाही. नाव बदललं तर याच्या उलट: खात्याचं नाव बदलतं, पण ‘सी’ ड्राइव्हवरच्या ‘युजर्स’मध्ये जुन्याच नावाचा फोल्डर राहतो. तिथे तुम्हाला ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांचा एखादा विचित्र फोल्डर दिसला तर दचकू नका. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केली की विंडोज फोल्डरचं नाव तसंच ठेवतं.

ही आडकाठी घरच्या कॉम्प्युटरवर आली कशाला, हेही सांगायला हवं. अनेक माणसांनी एकच यंत्र वापरायचं आणि प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या ठेवायच्या, ही गरज १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एमआयटी या संस्थेत पडली. तिथे फर्नांडो कॉर्बाटो आणि सहकाऱ्यांनी एक मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची यंत्रणा उभी केली आणि तिच्यात प्रत्येकाला पासवर्ड दिला. घरगुती कॉम्प्युटर आला तेव्हा तो एकाच माणसाचा समजला गेला. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये पासवर्डची चौकट यायची खरी, पण ‘कॅन्सल’ दाबलं तरी कॉम्प्युटर सुरू व्हायचा! २००१ च्या विंडोज एक्सपीने घरात खरी खाती आणली. मात्र बसवताना तयार होणारी सगळी खाती ॲडमिनिस्ट्रेटरची असायची, त्यामुळे ईमेलमधून आलेला एखादा वाईट प्रोग्रॅम उघडला की त्यालाही सगळे अधिकार मिळायचे.

तुम्हाला अडवणारी चौकट २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर घरोघरी पोचली. सुरुवातीला लोक तिला वैतागले, कारण ती ऊठसूट यायची. २००९ च्या विंडोज ७ मध्ये तिचं प्रमाण कमी झालं आणि ती किती वेळा यावी हे ठरवणारी चार टप्प्यांची पट्टीही आली. या चौकटीत दोन गोष्टी फार विचारपूर्वक केल्या आहेत. एक म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून आत आलेल्या माणसालाही रोजच्या कामात साध्या खात्याइतकेच अधिकार मिळतात. पूर्ण अधिकार त्याने ‘येस’ म्हटल्यावर, तेवढ्या कामापुरते. दुसरी म्हणजे तो काळपट पडदा. तुम्ही लिहिलंत म्हणून सांगतो, ती सजावट नाही. त्या क्षणी विंडोज चौकटीला इतर सगळ्या प्रोग्रॅमपासून वेगळं काढतं, म्हणजे मागे चालू असलेला एखादा लबाड प्रोग्रॅम तुमच्या वतीने ‘येस’ दाबू शकत नाही. तेव्हा कुणी ‘ही चौकट कायमची बंद करून देतो’ म्हणालं तर कृपा करून नको म्हणा. तुमच्या घरात चौकट योग्य जागी आहे, फक्त तिचं उत्तर घरात नाही.

आता उपाय. त्याआधी एक तपासणी, कारण ती अनेक मराठी घरांत निघते. तुम्ही पत्र मराठीत टाइप केलं आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर मराठी कीबोर्ड बसवलेला आहे. पासवर्ड घालताना तो कीबोर्ड चालू राहिला असेल तर तुम्ही इंग्रजी अक्षरं दाबता आणि आत भलतंच जातं. इनस्क्रिप्टमध्ये ‘के’च्या बटणावर क आहे, पण ‘एच’वर प आहे आणि ‘एल’वर त. रकान्यात दिसतात फक्त ठिपके, त्यामुळे पत्ता लागत नाही. पासवर्डच्या शेजारी डोळ्याचं चिन्ह असतं ते दाबून धरा म्हणजे काय टाइप झालंय ते दिसेल. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते. कॉम्प्युटर सुरू होतानाच्या पडद्यावर चालू भाषा खाली उजव्या कोपऱ्यात लिहिलेली असते. आकड्यांचा पिन असेल तर नम-लॉकही पाहून घ्या.

ते ठीक असेल तर भाच्याला फोन लावा. वेळ ठरवून व्हिडिओ कॉल करा, कारण मध्ये त्याच्या मोबाइलवर कोड येऊ शकतो. तुमच्या खात्यातून ‘साइन आउट’ करा, पडद्यावर त्याचं नाव निवडा आणि त्याने सांगितलेला पिन घाला. पिन सांगायला तो कचरला तर त्याला एवढं सांगा की विंडोजचा पिन फक्त त्या एका कॉम्प्युटरपुरता असतो. त्याचा ईमेल किंवा मायक्रोसॉफ्ट खातं दुसऱ्या यंत्रावर त्या पिनने उघडत नाही. पासवर्डचं तसं नाही. पासवर्ड मागूही नका. चार वर्षांत तो पिन विसरला असेल तर पिनच्या रकान्याखाली ‘आय फरगॉट माय पिन’ आहे. तिथून त्याचा मायक्रोसॉफ्ट पासवर्ड आणि मोबाइलवरचा कोड मागितला जातो आणि नवा पिन बनतो. हे एक काम त्याच्या पासवर्डशिवाय होत नाही, म्हणून ते झाल्यावर त्याने तो लगेच बदलावा. त्याचं खातं ईमेलशी जोडलेलं नसून या कॉम्प्युटरपुरतंच असेल, तर एकदा चुकीचा पासवर्ड घातल्यावर ‘रीसेट पासवर्ड’ दिसतं आणि खातं उघडताना लिहिलेल्या तीन सुरक्षा प्रश्नांची उत्तरं विचारली जातात. २०१८ पासून विंडोज १० मध्ये ही सोय आहे. पहिल्या शाळेचं नाव, पाळीव प्राण्याचं नाव अशी उत्तरं तो फोनवर सांगू शकेल. इंग्रजी स्पेलिंग त्याने तेव्हा जसं केलं असेल तसंच घालावं लागतं, एवढं लक्षात ठेवा.

आत शिरल्यावर बहुतेक जण आपल्याच खात्याला ॲडमिनिस्ट्रेटर करून मोकळे होतात. तसं करू नका असा माझा आग्रह आहे. तुमचं रोजचं खातं साधंच राहू द्या आणि घरासाठी एक वेगळं, तिसरं खातं उघडा. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘अकाउंट्स’, ‘अदर युजर्स’ या वाटेने जाऊन ‘ॲड अकाउंट’ निवडा. ईमेल विचारला की या माणसाची माहिती माझ्याकडे नाही असा पर्याय घ्या आणि त्यानंतर मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय युजर जोडण्याचा पर्याय घ्या. नाव इंग्रजी अक्षरांत द्या. खात्याच्या नावाने फोल्डर तयार होतो आणि त्यातली देवनागरी अक्षरं काही जुन्या प्रोग्रॅमना झेपत नाहीत. मग यादीत त्या नव्या खात्यावर क्लिक करून ‘चेंज अकाउंट टाइप’ने त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा. पासवर्ड कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा. पासवर्ड कागदावर लिहू नये हा सल्ला ऑफिसातल्या टेबलासाठी आहे. घरात तुमच्या पश्चात तुमच्या पत्नीला किंवा मुलाला तो सापडला पाहिजे, आणि लांबून येणारा चोर तुमचं कपाट उघडत नाही.

नातीचं खातं याच वाटेने उघडा आणि ते साधंच ठेवा. आता तुमच्या खात्यात परत जा. तोच काळपट पडदा आला की चौकटीत घरच्या खात्याचं नाव निवडा आणि कागदावरचा पासवर्ड घाला. ते दिसलं नाही तर ‘मोअर चॉइसेस’मध्ये सापडेल. चाललं? मग आणि तेव्हाच भाच्याचं खातं काढायचं की ठेवायचं ते त्याला विचारून ठरवा. त्याच्या फाइली, फोटो असतील तर आधी पेनड्राइव्हवर घ्या. शिवाय फोन ठेवण्याआधी त्याच्याकडून आणखी एक गोष्ट मागून घ्या. बऱ्याच नव्या कॉम्प्युटरवर डिस्क आपोआप कूटबद्ध होते आणि तिची ४८ आकडी रिकव्हरी की ज्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात झाली त्याच्या खात्यात साठवली जाते, म्हणजे तुमच्या बाबतीत भाच्याच्या. एखाद्या दिवशी मोठा बिघाड होऊन कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर ते ४८ आकडे मागू लागला, तर ते जर्मनीतून शोधावे लागतील. आजच लिहून घ्या, त्याच फाइलीत.

चौकटीत कुणाचंच नाव नसेल, पासवर्डचा रकानाही नसेल आणि ‘येस’ पुसट दिसत असेल, तर प्रकरण जरा कठीण आहे. याचा अर्थ कॉम्प्युटरवर आता एकही चालू ॲडमिनिस्ट्रेटर उरलेला नाही. कुणीतरी शेवटचं खातं काढलं किंवा साधं केलं. ५०० ने संपणारं मूळ खातं असतं, पण व्हिस्टापासून ते बंद ठेवलेलं असतं. काही यंत्रांवर ‘शिफ्ट’ दाबून रीस्टार्ट करत ‘ट्रबलशूट’मधून सेफ मोडमध्ये गेलं की ते खातं दिसतं आणि तिथून दुरुस्ती होते. नाही दिसलं तर धडपड करत बसू नका. तुमचं साधं खातं चालू आहे तोवर त्यातल्या सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवा, दोन फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून खात्री करा आणि मग त्याच ‘ट्रबलशूट’मधलं ‘रीसेट धिस पीसी’ वापरून ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ करा. प्रोग्रॅम पुन्हा बसवावे लागतील. पण यावेळी पहिलं खातं कुणाच्या नावाने उघडायचं ते तुम्हाला ठाऊक असेल.

प्रश्न : आमच्याकडे पासवर्ड सगळे माहीत आहेत. पण ‘सेटिंग्ज’ उघडून ‘अकाउंट्स’वर गेलं की खिडकी आपोआप बंद होते. व्हायरस असेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बहुतेक वेळा नसतो. ‘सेटिंग्ज’ हा स्वतंत्र प्रोग्रॅम आहे आणि त्याची माहिती प्रत्येकाच्या खात्याबरोबर वेगळी साठवली जाते. त्यामुळे आधी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या खात्यातून तेच पान उघडून पाहा. तिथे नीट उघडलं तर दोष कॉम्प्युटरमध्ये नाही, तुमच्या खात्याच्या साठवणीत आहे. नवं खातं उघडून फाइली तिकडे नेणं हा सरळ मार्ग. सगळ्यांच्याच खात्यात तेच होत असेल तर विंडोजच्या मूळ फाइलींत गडबड आहे. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि इंग्रजीत ‘एसएफसी’, मग एक स्पेस, मग तिरपी रेघ आणि तिला जोडून ‘स्कॅननाऊ’ असं टाइप करा. थोडा वेळ लागतो, मध्ये बंद करू नका.

तोवर काम अडलं असेल तर दुसरा दरवाजा आहे. विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबा. येणाऱ्या छोट्या रकान्यात एन, ई, टी, पी, एल, डब्ल्यू, आय, झेड ही आठ अक्षरं सलग टाइप करून एंटर करा. खात्यांची जुन्या पद्धतीची यादी उघडते. ती ‘सेटिंग्ज’वर अवलंबून नाही. खातं जोडणं, काढणं, पासवर्ड बदलणं हे तिथून होतं. शेवटच्या ॲडमिनिस्ट्रेटरला मात्र तिथे हात लावू नका.

आणि पान उघडतं पण वर लाल किंवा राखाडी अक्षरांत काही सेटिंग्ज तुमच्या संस्थेच्या ताब्यात आहेत असं लिहिलेलं दिसतं का? कॉम्प्युटर ऑफिसचा असेल तर ते बरोबरच आहे, तिथे उपाय करायचा नाही, ऑफिसच्या आयटी विभागाला विचारायचं. घरचाच असेल तर ‘अकाउंट्स’मधल्या ‘ॲक्सेस वर्क ऑर स्कूल’मध्ये पाहा. ऑनलाइन वर्गांच्या काळात मुलांची शाळा-कॉलेजची खाती घरच्या कॉम्प्युटरवर जोडली गेली आणि नंतर काढायची राहून गेली, असं पुष्कळ घरांत आहे.

प्रश्न : पासवर्ड न घालताही आत शिरता येतं असं दुकानदार म्हणतो. खरं आहे का? मग पासवर्डचा उपयोग काय?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : काही वेळा खरं असतं. सगळ्यात धक्कादायक उदाहरण नोव्हेंबर २०१७ चं, आणि ते नेमकं खात्यांच्या सेटिंग्जमधलंच आहे. ॲपलच्या मॅकओएस हाय सिएरामध्ये ‘युजर्स अँड ग्रुप्स’चं पान उघडायचं, कुलपाच्या चिन्हावर क्लिक करायचं, नावाच्या जागी ‘रूट’ लिहायचं आणि पासवर्ड रिकामा ठेवायचा. दोन-तीनदा दाबलं की कुलूप उघडायचं! रूट म्हणजे त्या यंत्रावरचं सर्वोच्च खातं. ही चूक जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी ॲपलने दुरुस्ती पाठवली. अपडेट टाळू नका असं आम्ही वारंवार लिहितो ते अशा दिवसांसाठी.

तुमचा दुकानदार बहुधा दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलतो आहे. विंडोजमध्ये कॉम्प्युटरपुरत्या खात्यांचे पासवर्ड सांकेतिक रूपात एका फाइलीत असतात. पेनड्राइव्हवरून वेगळी प्रणाली सुरू केली तर त्या फाइलीत फेरफार करून पासवर्ड पुसता येतो. डिस्क कूटबद्ध असेल तर ही युक्ती चालत नाही, कारण बाहेरून ती फाइल वाचताच येत नाही. ज्यांच्या घरात लॅपटॉप बाहेर नेला जातो त्यांनी कूटबद्धता जरूर चालू ठेवावी आणि रिकव्हरी की कागदावर घ्यावी. शिवाय पासवर्ड असा बाहेरून पुसला की त्या खात्यात साठवलेले वेबसाइटचे पासवर्ड, आणि विंडोजने त्या खात्यापुरत्या कूटबद्ध केलेल्या फाइली असतील तर त्याही, हातच्या जाऊ शकतात. म्हणून हा शेवटचा उपाय समजा.

दुकानात करून घ्यावंच लागलं तर कॉम्प्युटर ठेवून येऊ नका, शेजारी बसा. काम झाल्यावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेट’, ‘लोकलग्रुप’, ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ हे तीन इंग्रजी शब्द मध्ये एकेक स्पेस सोडून टाइप करा आणि एंटर दाबा. ज्यांना पूर्ण अधिकार आहेत अशा खात्यांची यादी समोर येईल. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ हे मूळ नाव त्यात असणारच, ते बंद असलं तरी दिसतं. त्याशिवाय घरातलं नसलेलं एखादं नाव दिसलं, तर ते कशासाठी आहे हे तिथेच विचारा आणि काढून घेऊनच घरी या.